चाकानंतरचे चार हात

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले की काही मिनिटांतच दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात. मालगाड्यांनी आलेला कोळसा जळतो, हतनूर धरणाच्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते. 3000 हा आकडा कुणाच्या मर्जीचा नाही. भारतात वीज सेकंदाला 50 आवर्तनांची ठेवावी लागते आणि दोन ध्रुवांच्या जनित्राने ती द्यायची म्हणजे सेकंदाला 50 फेरे आलेच. दीपनगरचे 500 मेगावॉटचे दोन संच असोत की देशाच्या दुसऱ्या टोकाचे असे एखादे जनित्र, ग्रिडला जोडले की सगळे एका तालात फिरतात.

आता भुसावळच्या बाजारात धार लावून देणाऱ्या एखाद्या दुकानात या. टेबलावर घट्ट बसवलेला ग्राइंडर असतो. त्याच्या एका टोकाला खरबरीत चाक, दुसऱ्या टोकाला बारीक चाक किंवा कापडाचा बफ. बटण दाबले की त्याची मोटर मिनिटाला 2850 फेऱ्यांच्या आसपास जाऊन स्थिरावते. ही दोन ध्रुवांची मोटर जनित्राच्याच तालावर चालते, फक्त किंचित मागे राहते. आणि ती तशी मागे राहते म्हणूनच तिच्यात ओढ निर्माण होते. चार ध्रुवांची मोटर असेल तर वेग जवळजवळ निम्मा, 1440 च्या आसपास. साध्या ग्राइंडरला वेग कमीजास्त करायचे बटण नसते. वेग ठरलेलाच. धार लावणाऱ्याच्या हाती उरतात त्या तीन गोष्टी: दाब, कोन आणि कुठे थांबायचे याची जाण.

या प्रकरणाचा विषय त्या तिसऱ्या गोष्टीशी जोडलेला आहे. सुरी चाकावर घासून झाल्यावर तिच्या कडेला पोलादाचा एक अतिपातळ पापुद्रा लोंबत राहतो. वर्कशॉपमध्ये त्याला ‘बर’ म्हणतात. चाकाचे काम तिथे संपते, पण धारेचे काम संपलेले नसते. बर नीट निघाली तर धार महिनाभर साथ देते. ती राहिली तर आठवडाभरात तीच सुरी घेऊन पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते आणि दोष बिचाऱ्या पोलादाला दिला जातो.

ताशी 80 किलोमीटरचे चाक

ग्राइंडरचे चाक साधारण 150 मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा परीघ 47 सेंटीमीटर. मिनिटाला 2850 फेरे म्हणजे चाकाची कड सेकंदाला 22 मीटरहून अधिक धावते, ताशी सुमारे 80 किलोमीटर. या वेगाने अॅल्युमिनियम ऑक्साइडचे हजारो टोकदार कण पात्यावरून जातात आणि प्रत्येक कण पोलादाचा बारीकसा कीस काढतो. ठिणग्या म्हणजे हवेत पेटलेला हाच कीस.

त्यातून उष्णता तयार होते. पात्याच्या जाड पाठीकडे ती पसरून जाते, पण कडेला पोलाद इतके पातळ असते की तिला जायला जागाच नसते. साध्या कार्बन पोलादाची कड 220 अंश सेल्सियसच्या आसपास फिकट पिवळी दिसू लागते, 250 च्या पुढे तपकिरी, 280 ला जांभळी आणि 300 ला निळी. निळा रंग दिसला म्हणजे लोहाराने दिलेले पाणी तेवढ्या भागातून उतरले. ती कड मऊ झाली, आता तिला कितीही घासा, धार टिकणार नाही. पुढच्या घासण्यात रंग निघून जातो, मऊपणा मात्र जातोच असे नाही. म्हणून जाणता धारवाला पाते चाकावर रेंगाळू देत नाही. एक हात मारला की पाण्यात बुडवतो, पुन्हा एक हात, पुन्हा पाणी.

स्वीडनमध्ये 1973 पासून याच्या अगदी उलट वाटेने जाणारी यंत्रे बनतात. त्यांतले 250 मिलिमीटरचे मोठे चाक पाण्यात अर्धवट बुडालेले असते आणि मिनिटाला फक्त 90 च्या आसपास फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग ताशी चार किलोमीटरच्या जवळपास पडतो, म्हणजे आपल्या चालण्याइतका. त्यावर पाते तापत नाही. पण बर त्या चाकावरही येते. तेव्हा बर ही वेगाची किंवा उष्णतेची चूक नव्हे. पोलाद घासून कड काढायची तर ती येणारच. तिच्याशी कसे वागायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

बर येते कशी

सुरीच्या पात्याला दोन उतार असतात. ते जिथे मिळतात ती धार. बोथट सुरीत ते मिळतच नाहीत. मधे एक गोलसर, झिजलेली कड असते. चाकावर एक बाजू घासू लागलो की तो उतार हळूहळू कडेपर्यंत सरकतो आणि शेवटी समोरच्या उताराला भेटतो. या क्षणी कडेचे पोलाद इतके पातळ झालेले असते की चाकाच्या कणांचा दाब त्याला पेलवत नाही. कागदाच्या कडेवर बोट दाबले की ती तुटत नाही, वळते; इथेही तसेच होते. कडेचे पोलाद कापले न जाता दुसऱ्या बाजूला कलते आणि तिथे लोंबत राहते.

बर आली याचा अर्थ त्या बाजूचा उतार कडेपर्यंत पोहोचला. त्यामुळे खरबरीत चाकावर काम करताना बर ही खूण म्हणून उपयोगी पडते. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर आली की ती बाजू झाली, आता दुसरी घ्यायची. मध्येच कुठे बर नसेल तर तिथे अजून बोथटपण शिल्लक आहे. बर येण्याआधी थांबणे जितके चुकीचे, तितकेच ती आल्यावरही घासत राहणे. तसे केले तर बर लांबत जाते, पात्याचे चांगले पोलाद वाया जाते आणि सुरी दर खेपेला अरुंद होते.

बर किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरते. दाब जितका जास्त, तितकी ती जाड. चाकाचे कण जितके जाडे, तितकी ती खडबडीत. तिसरी गोष्ट आहे चाकाच्या फिरण्याची दिशा. ग्राइंडरसमोर उभे राहिले की चाकाचा आपल्याकडचा पृष्ठभाग वरून खाली येत असतो. पात्याची धार वर ठेवली तर कण धारेवर समोरून येतात आणि बर छोटी राहते. धार खाली ठेवली तर कण पाठीकडून धारेकडे जातात, पोलाद कडेबाहेर ओढले जाते आणि बर लांब होते.

पोलादाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. लोहाराने घडवलेल्या विळ्याचे कार्बन पोलाद नीट पाणी दिलेले असेल तर कडक आणि थोडे ठिसूळ असते. त्याची बर दोनचार हातांत तुटून पडते. स्वयंपाकघरातली स्वस्त स्टेनलेस सुरी मऊ आणि चिवट असते. तिची बर तुटत नाही. एका बाजूने ढकलली की दुसऱ्या बाजूला जाते, तिकडून ढकलली की परत इकडे येते. घरोघरी आता अशाच सुऱ्या आहेत, त्यामुळे बर काढण्याची कला पूर्वीपेक्षा आज अधिक गरजेची झाली आहे.

फसवी धार

बर लोंबत असलेली सुरी पहिल्या दिवशी बोथट वाटत नाही. उलट ती फार धारदार वाटते. बर एखाद्या ठिकाणी सरळ उभी राहिलेली असेल तर ती मूळ धारेपेक्षाही पातळ असते आणि कागद सर्रकन कापते. दुकानात कागद कापून दाखवला जातो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते. घरी दोन कांदे आणि चार वांगी चिरून होतात. तोवर पाटावर आपटून बर वळलेली असते. वळलेली बर म्हणजे धारेवर पडलेली घडी. टोमॅटोच्या सालीवरून ती घसरते. आणखी काही दिवसांनी ती तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि तुटताना बुडाशी बोथट, फाटकी कड ठेवून जाते.

उत्तम धार लागलेल्या स्वयंपाकाच्या सुरीची कड एक मायक्रॉनच्या आसपास रुंद असते. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. बर जिथून तुटते तिथली रुंदी काही मायक्रॉन भरते. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण टोमॅटोच्या सालीला तो लगेच कळतो.

ओळखायची कशी

बर ओळखायला भिंग लागतेच असे नाही. अंगठ्याचा गर पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या आडवा, हलकेच बाहेर सरकवावा. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. एका बाजूने बोट गुळगुळीत निसटते आणि दुसऱ्या बाजूने काहीतरी अडकल्यासारखे लागते. अडकते त्या बाजूला बर आहे. नखाची कड अशीच सरकवली तर अधिक बारीक बरही कळते.

दुसरी परीक्षा उजेडाची. सुरीची धार वर करून दिव्याखाली धरावी आणि सावकाश कलती करत पाहावे. खरी धार उजेड परत फेकत नाही, कारण फेकायला तिथे पृष्ठभागच नसतो. कुठे चमकती रेघ दिसली तर तिथे एक तर बोथटपण आहे किंवा वळलेली बर.

तिसरी परीक्षा खानदेशात सगळ्यांत सोपी, कारण कापूस इथे हाताशी असतो. कापसाचा छोटा पुंजका पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर हलकेच न्यावा. दोन्ही बाजूंनी असे करावे. बर असेल तिथे तंतू अडकून राहतात. पाते स्वच्छ बाहेर आले आणि एकही तंतू मागे राहिला नाही, म्हणजे बर गेली.

काढायची रीत

बर एका झटक्यात ओरबाडून काढायची नसते. बरेच जण घासणे झाले की सुरी लाकडाच्या तुकड्यात खुपसून ओढतात. बर जाडजूड असताना असे ओढले तर ती बुडापासून उपटली जाते आणि मागे फाटकी कड राहते. आधी तिला अशक्त करावे लागते.

पहिली पायरी दाब कमी करण्याची. खरबरीत चाकावर दोन्ही बाजू झाल्या की शेवटचे हात फक्त पात्याच्या वजनाइतके हलके घ्यावेत आणि प्रत्येक हाताला बाजू बदलावी: एक उजवीकडून, एक डावीकडून. एकाच बाजूला पाच हात मारून मग दुसऱ्या बाजूला पाच मारले तर बर फक्त इकडून तिकडे लोळते. आलटून पालटून मारले तर ती दर खेपेला थोडी झिजते आणि तिचे बूड कमकुवत होते.

दुसरी पायरी बारीक चाकाची. खरबरीत चाकाने सोडलेली जाडी बर बारीक कणांनी छाटली जाते आणि तिच्या जागी तिच्याहून पुष्कळ छोटी बर येते. इथेही तोच नेम: हलका हात, दर हाताला बाजू बदलणे. बारीक चाक नसेल तर पाण्याने ओला केलेला हाताचा धारेचा दगड हे काम मोटरपेक्षा चांगले करतो, कारण तिथे वेग आपल्या हातात असतो. मोटरवर उतार काढून दगडावर शेवट करणे ही जुन्या कारागिरांची पक्की रीत आहे.

तिसरी पायरी कोनाची आणि बहुतेकांची चूक इथेच होते. उतार 15 अंशांवर काढला असेल आणि शेवटचे हातही 15 अंशांवरच मारले, तर कण बरीला चाटून जातात, तिच्या बुडाशी पोहोचत नाहीत. कोन दोन अंशांनी वाढवला की कण नेमके बुडाला लागतात आणि बर तिथेच कापली जाते. दोन अंश म्हणजे किती? पाते 40 मिलिमीटर रुंद असेल तर पाठ सव्वा मिलिमीटरच्या आसपास उचलायची, बस. एवढ्याने धार बोथट होत नाही, उलट तिचे टोक थोडे भक्कम होते. अशा कोनात दोन्ही बाजूंना मिळून चारच हात मारायचे. याहून जास्त मारले तर नवा उतार तयार होऊ लागतो आणि त्याच्याबरोबर नवी बर.

चौथी पायरी चामड्याची किंवा नमद्याच्या चाकाची. न्हावी वस्तऱ्यासाठी चामड्याचा पट्टा वापरतात तो याच कामाला. मोटरवर बसवलेल्या नमद्याच्या किंवा कापडी चाकाला पॉलिशचा हिरवा साबण लावतात; त्यातले क्रोमियम ऑक्साइडचे कण एक मायक्रॉनहून लहान असतात. उरलीसुरली बर ते पुसून काढतात. इथे एक नियम जिवापाड पाळायचा: मऊ चाकावर धार कधीही फिरण्याच्या दिशेला समोर धरायची नाही. समोर धरली की ती चाकात रुतते आणि मिनिटाला 2850 फेरे घेणारी मोटर सुरी हातातून हिसकावून फेकते. धार खाली, कण पाठीकडून धारेकडे जाणारे आणि पाते चाकाच्या मध्याच्या खाली टेकलेले, म्हणजे सुटले तरी ते जमिनीकडे जाईल.

ग्राइंडरवर बसणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा घालावा, सैल बाही, ओढणी, उपरणे आणि हातमोजे दूर ठेवावेत, कारण कापड चाकात अडकले की त्यामागे हात जातो. चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगून लाकडाच्या मुठीने हलकेच वाजवून पाहावे. टणक, स्वच्छ आवाज आला तर ते धड आहे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे आणि ते चाक वापरू नये. तड्याचे चाक ताशी 80 किलोमीटरच्या वेगात फुटले तर लोखंडी झाकणही नेहमीच पुरे पडत नाही.

केळीची फणी

रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात बर हा केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न राहत नाही. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि इथला माल आखाती देशांत जातो. परदेशी जाणाऱ्या केळीचा घड अखंड जात नाही. पॅकिंगच्या जागी घडापासून फण्या कापून वेगळ्या करतात, चीक धुऊन काढतात, तुरटीच्या पाण्यात बुडवतात आणि साधारण 13 किलोच्या खोक्यांत भरतात.

फणी जिथे दांड्यापासून सुटते ती गादी म्हणजे उघडी जखम. वक्र पात्याच्या एका सफाईदार ओढीत ती कापली गेली तर पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि लवकर सुकतो. पात्यावर बर असेल तर केळीचे तंतू कापले न जाता ओढले जातात. गादीवर दोरे लोंबतात, बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत बुरशी घर करते. जहाजाच्या प्रवासात ती बुरशी देठाकडून आत सरकते आणि माल पोहोचतो तेव्हा फण्यांची बुडे काळी पडलेली असतात. केळीच्या काढणीनंतरच्या नुकसानीत या कुजीचा वाटा मोठा असतो, म्हणूनच फण्या कापताना पाते स्वच्छ आणि धारदार ठेवा असे कृषितज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. धारदार याचा अर्थ इथे बरविरहित असाच घ्यायला हवा. सकाळी चाकावर नुसते घासून आणलेले पाते दुपारी दोरे काढू लागते. तेच पाते चामड्यावर चार हात मारून आणले तर दिवसभर पुरते, आणि मधून मधून पुन्हा चामडे दाखवले की तेवढ्यावर भागते.

कात्री, विळी आणि दातेरी विळा

प्रत्येक धारेला ही रीत जशीच्या तशी लागू होत नाही. कात्रीच्या पात्याला बाहेरच्या अंगाला उतार असतो आणि आतली बाजू सपाट असते. ही आतली बाजू कधीही तिरकी घासायची नाही. तिथे थोडासा जरी उतार आला तरी दोन पाती एकमेकांना भिडत नाहीत आणि कापड दुमडून मधे अडकते. बाहेरून घासल्यावर आत आलेली बर बारीक दगडावर पाते अगदी सपाट टेकवून एका हातात काढायची. मग कात्री सावकाश मिटायची, म्हणजे उरलेली बर पातीच एकमेकांवर पुसून टाकतात.

विळीचे पाते वाकलेले असते आणि पाटाला जडलेले असते, त्यामुळे ते ग्राइंडरवर सरळ धरणे कठीण. विळीला मोटरची घाई मानवत नाही. फार बोथट झाली असेल तरच चाक दाखवावे, एरवी हातातला दगडच पात्यावरून फिरवावा आणि शेवटी कोन किंचित उचलून दोन्ही बाजूंना दोनदोन हात मारावेत. दातेरी विळ्याचे दात एकाच बाजूने घडवलेले असतात. तो चाकावर घासला तर दातच जातात. त्याला लोहाराकडेच न्यावे, कारण ते दात छिन्नीने पुन्हा पाडावे लागतात.

लाखेच्या चाकापासून

मोटर येण्याच्या कितीतरी आधीपासून भारतात फिरते चाक होते. कुरुंद दगडाची भुकटी वितळलेल्या लाखेत कालवून शिकलगार आणि मण्यांना पैलू पाडणारे कारागीर आपली चाके बनवत. दोरी ओढून किंवा पायाने ती फिरवली जात. दोरीच्या चाकाला मोटरचा वेग नव्हता, पण हवे तेव्हा हळू करण्याची सोय होती, आणि बर काढण्याच्या शेवटच्या क्षणी तीच सोय लागते.

1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. त्यापाठोपाठ कृत्रिम अॅल्युमिनियम ऑक्साइडही आले आणि नैसर्गिक कुरुंदाची गरज संपत गेली. महाराष्ट्रात उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेल कंपनीचा कारखाना 1941 साली सुरू झाला आणि घासण्याची चाके इथेच बनू लागली. पुढे गावोगावी वीज पोहोचली, तशी सायकलवर पायडल मारून धार लावणाऱ्यांच्या जागी टेबलावरचे ग्राइंडर आले. काम झपाट्याने होऊ लागले. हळू करण्याची सोय मात्र यंत्रातून गेली आणि ती आता कारागिराच्या हातानेच भरून काढावी लागते.

दुकानातून निघण्यापूर्वी

सुरी धार लावायला दिली तर ती परत घेताना कागद कापून पाहू नये, कारण कागद बरीलाही पास करतो. अंगठा धारेबाहेर सरकवून दोन्ही बाजू तपासाव्यात. अडकले तर सांगावे: बर आहे, चामड्यावर दोन्ही बाजूंनी दोनदोन हात मारून द्या. चांगला धारवाला याने रागावत नाही. समोरच्याला कामातले कळते हे पाहून तो अधिक मन लावून काम करतो. त्या चार हातांचे पैसे त्याने वेगळे मागितले तर द्यावेत. चाकाचा वेग वीज केंद्रातून तारेवर येतो आणि तो सगळ्यांना सारखाच मिळतो. शेवटचे चार हात मात्र त्याचे स्वतःचे असतात आणि त्याच्या मेहनतीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.